सातव्या गड्याची सही

आमच्या वस्तीच्या समाजमंदिराला पूर्वेकडं दोन खिडक्या आहेत. त्यांच्या मधे जी भिंत उरली तिच्यावर लांबून वाचता येईल अशा अक्षरात पाचच ओळी मावतात, म्हणून पराक्रम पाच. नव्या पोरांना वाटतं, आम्ही फार खल करून पाच आकडा ठरवला असेल. तसलं काही नाही. गवंड्यानं खिडक्या लहान ठेवल्या असत्या तर गावात सात पराक्रमी निघाले असते.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या एकदोन वर्षांतली. मी तेव्हा खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून गावात कुठंही काही लिहायचं निघालं की बोलावणं मला यायचं. लग्नाच्या पत्रिका, तहसील कचेरीतले अर्ज, पाण्याच्या टाकीवरची सूचना, सगळं माझ्या हातचं. समाजमंदिर बांधून झालं तेव्हा एका भिंतीवर फोटो लागले आणि समोरची भिंत मोकळी राहिली. कुणी म्हणालं, देणगीदारांची नावं लिहा. कुणी म्हणालं, डोंगर आणि धबधबा काढा. पंचकाकांनी दोन्ही मोडीत काढलं.

"देनगीदारांची नावं लिवली तर भांडनं व्हतील," ते म्हणाले, "आन् डोंगर खिडकीतनं दिसतोच हाय. गावानं खेळात काय काय करून ठेवलंय ते लिवा. पोरं वाचतील."

पंचकाका माझे सख्खे काका नव्हेत. खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या निम्म्या हुतूतूच्या सामन्यांना शिट्टी त्यांनीच वाजवलेली, म्हणून ते सगळ्यांचेच पंचकाका. त्यांचा डावा कान लहानपणीच गेला होता आणि ही गोष्ट दोन्ही तालुक्यांना ठाऊक होती. आता हुतूतू म्हणजे दमाचा खेळ. पुढं लोक त्याला कबड्डी म्हणायला लागले, पण दम तोच. चढाई करणाऱ्यानं एका दमात आवाज करत समोरच्या भागात जायचं, गड्यांना शिवून मधल्या रेघेवर परत यायचं, आणि मधे दम मोडला तर तो बाद. दम मोडला की नाही ते पंचानं कानानं ओळखायचं. तरी दोन्ही तालुक्यांतून पंच म्हणून पहिलं बोलावणं ह्यांनाच जायचं, कारण हे सामन्याआधी कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसत. बाकीच्या पंचांचे दोन्ही कान शाबूत होते, पण त्यांच्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

निवड करायला चौघं बसलो. पंचकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन, खोपोलीच्या कागद कारखान्यात जाणारा एक कॅरमवाला, आणि वही घेऊन मी. पहिल्याच बैठकीत गँगमनने स्वतःचा आणि कॅरमवाल्याने स्वतःचा असे दोन पराक्रम सांगून टाकले, आणि दोघांनी एकमेकांना दाद दिली. पंचकाकांनी हात वर केला.

"आपल्या गावचं आपनच सांगायचं, हे काय खरं नाय. जो हरला त्याला इचारायचं. त्यानं हो म्हनून सही केली तर लिवायचं, नायतर नाय."

हा नियम मला फार आवडला. मी मार्क कापणारी बाई. शुद्धलेखनाच्या एका चुकीला अर्धा मार्क, आणि रडून काही उपयोग नाही, हे माझ्या वर्गातलं पहिलीचं पोरही जाणून होतं. मी वहीत दोन रकाने पाडले. पराक्रम किती मोठा, हा एक. त्यानं पुढं काय बदललं, हा दुसरा. आणि खाली हरलेल्याच्या सहीसाठी जागा.

गँगमनचा पराक्रम विटीदांडूचा. तरुणपणी खोपोलीच्या लाइनीलगतच्या शेतात कुंभिवलीच्या पोरांशी डाव रंगलेला असताना त्यांनी असा टोला हाणला, की विटी चालत्या मालगाडीच्या उघड्या डब्यात जाऊन पडली. विटी जिथं पडेल तिथपर्यंत दांड्यानं मोजायचं, हा खेळाचा नियम. पण गाडी तर चालू होती. मग मोजायचं कुठपर्यंत? ते स्वतः पुण्यापर्यंत म्हणत होते. त्यांनी ज्याला हरवलं तो माणूस आता कुंभिवलीला हमरस्त्यावर पंक्चर काढत होता. आम्ही त्याला गाठलं. त्यानं ट्यूब पाण्यातून काढली आणि म्हणाला, "डब्यात पडली, मी सोता बघितली. पन गाडी कर्जतला थांबली असंल. तितकंच धरा. पुन्यापत्तर मी सही करनार नाय." म्हणून भिंतीवर 'कर्जतपर्यंत' आहे. गँगमन पुढं कित्येक दिवस त्या पंक्चरवाल्याचा रस्ता टाळून जात होते.

कॅरमवाल्यानं एका दमात नऊच्या नऊ सोंगट्या घेतल्या होत्या. हरलेला त्याचा मेव्हणा. 'बोर्ड दमट होता' हे वहीत लिहून घेतल्यावरच त्यानं सही केली.

बायकांचं एकही नाव नाही म्हणून मी आवाज उठवला, आणि ठाकूरवाडीची एक म्हातारी पुढं आली. तिनं तरणेपणी मांडीवर झोपलेलं पोर न जागवता अख्खी दुपार सागरगोटे खेळून एकही गोटा भुईला पडू दिला नव्हता. कॅरमवाला म्हणाला, ठाकूरवाडी आपल्या गावात कुठं येते? पंचकाका म्हणाले, "ती करवंदं आपल्याच दारात आनून इकती ना? मंग आपलीच." हरलेली तिची नणंद. ती तिच्या बोलीत भरभरून बोलली. ती बोली मला लिहिता येत नाही, पण अर्थ असा की हरले ती हरले, वर पैजेपायी महिनाभर भावजयीचं पाणी भरलं, आणि एक दिवस घडा कमी भरला असेल तर तिनं सांगावं. दोघी एकाच ओट्यावर बसल्या होत्या. नणंदेनं अंगठा उठवला आणि भावजयीच्याच पदराला पुसला.

चौथा भोवऱ्याचा. त्यावर फारसं भांडण झालं नाही.

राहिली पहिली ओळ. तिच्यावर तर वादच नव्हता. पोशीरविरुद्ध एका चढाईत सातही गडी बाद. हा पराक्रम माझ्या सख्ख्या भावाचा. तो लिहायला मी नाही म्हटलं.

दादाचा तो सामना मी नऊ वर्षांची असताना झाला. धर्मांतराला दोनएक वर्षं झाली होती. त्याआधी आमच्या वस्तीतली पोरं खालापूरच्या मैदानात रेघा आखायला आणि धुरळ्यावर पाणी मारायला असत, खेळायला नसत. त्या वर्षी वस्तीचा संघ स्वतःच्या नावानं उतरला. समोर पोशीर. भाताचं गाव, गडी एकेक दांडगा. मी मधल्या रेघेच्या टोकाशी मांडी घालून बसले होते. शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही मागं होतो, आणि दादा चढाईला गेला. तो एकाला शिवला, वळला, आणि पोशीरचे सातही जण त्याच्या अंगावर कोसळले. ते सात जण अंगावर घेऊन तो पोटावर सरपटत रेघेकडं निघाला. त्याचं तोंड माझ्याकडं होतं. हुतूतू, हुतूतू. रेघ वीतभर राहिली आणि आवाज थांबला. त्यानं नाकातून श्वास आत ओढला. मी तो ऐकला. मग पुन्हा हुतूतू सुरू झालं आणि त्याची बोटं रेघेवर टेकली.

पंचकाका ढिगाच्या पलीकडं उभे होते, डावा कान आमच्याकडं. त्यांनी शिट्टी मारली आणि सातही बाद दिले.

लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. माझे वडील, जे घरात कधी हसत नसत, ते धुरळ्यात बसून हसत होते. मी कुणाला काही बोलले नाही. नऊ वर्षांची पोरगी एवढ्या लोकांसमोर काय बोलणार? पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली, की माझा भाऊ लबाडीनं जिंकला.

त्या लबाडीनं पुढं काय बदललं, ते मीच माझ्या दुसऱ्या रकान्यात भरून दाखवू शकले असते. सामना बघायला खोपोलीच्या एका कंपनीचा साहेब आला होता. कंपनीला संघासाठी गडी हवे होते. दादाला नोकरी लागली. त्याच्या पगारावर मी शाळा शिकले, ट्रेनिंग कॉलेजला गेले, शिक्षिका झाले. वस्तीच्या संघाला पुढच्या वर्षापासून रीतसर बोलावणी यायला लागली आणि तीनचार वर्षांत गावठाणातली आणि वस्तीतली पोरं एका संघात दिसायला लागली. हे सगळं त्या वीतभर जागेतून आलेलं. दादानं आणलेल्या नव्या फ्रॉकचा मला आनंद व्हायचा आणि दुसऱ्या मिनिटाला तो टोचायचा.

नोकरीला लागून मला वर्षदीड वर्ष झालं असेल. दादाचा गुडघा गेला होता, खेळणं संपलं होतं. कंपनीच्या संघाला शिकवायला माणूस हवा होता आणि त्यासाठी अर्ज करायचा होता, आपण खेळात काय काय केलं ते मांडून. दादा चौथी शिकलेला. एका रविवारी रेघांचा कागद आणि नवं पेन घेऊन तो माझ्याकडं आला. "तुजं अक्षर बघूनच देतील बाय," म्हणाला. मी नाव, गाव, वय लिहिलं. पोशीरच्या सामन्यापाशी आल्यावर पेनला टोपण लावलं.

"मला खोटं लिहिता येत नाही, दादा."

कसलं खोटं, असं त्यानं विचारलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली, मी केलेला चहा प्याला आणि निघून गेला. ती जागा दुसऱ्याला मिळाली. दादा गोदामातच राहिला, पोती उचलत. पुढं त्याची पाठ गेली. आम्ही लग्नकार्यात भेटत होतो, बोलत होतो, पण त्या रविवारचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही. मी मनाशी म्हणायचे, विचारायची हिंमत झाली नाही त्याची, म्हणजे मला ऐकू आलं ते खरंच होतं.

तर मी बैठकीत म्हटलं, ह्या ओळीला साक्षीदार नाही. पंचकाकांचा चेहरा उतरला.

"मी हाय की. निकाल माजा हाय."

"नियमही तुमचाच आहे काका. हरलेल्याची सही पाहिजे."

कॅरमवाला माझ्याकडं बघत राहिला. सख्ख्या भावाचं नाव पाडणारी बहीण त्यानं बघितली नव्हती. त्यात दादानंही खोपोलीहून निरोप धाडला की माझं काही लिहू नका. मला वाटलं, बरोबर आहे, त्याच्या मनाला माहीत आहे. खरं सांगायचं तर मला ती ओळ पाडायचीच होती, आणि पोशीरचा एकही माणूस सही करणार नाही याची मला खात्री होती. हरलेली माणसं पंचवीस वर्षांत काय काय आठवून ठेवतात, ते मी कुंभिवलीला बघितलं होतं.

सुगी आटपत आलेली होती तेव्हा पंचकाका आणि मी निघालो. एसटीनं कर्जत, कर्जतहून नेरळ, तिथून कळंबच्या एसटीनं पोशीर. त्या सातांमधले तिघे वारलेले, दोघे कामाला कुठं कुठं गेलेले, एकाला काही आठवत नव्हतं. सातवा खळ्यावर होता. भात झोडून झालं होतं आणि तो पेंढ्याचे भारे बांधत होता. वाळका, उंच माणूस, पन्नाशीच्या आतबाहेरचा. पंचकाकांना बघून त्यानं हातातला भारा खाली टाकला.

"या पंच," तो म्हणाला. "आमचं सात गडी खाल्लं तुमी. आता काय न्यायाला आलात?"

पंचकाका खूश झाले. त्याच्या बायकोनं चहा आणला. आम्ही भाऱ्यांवर बसलो. तो आधी पंचकाकांच्या उजवीकडं बसला होता. मी कोण, कुणाची, हे कळल्यावर तो उठला, पंचकाकांच्या डाव्या अंगाला येऊन माझ्याजवळ बसला आणि आवाज खाली आणला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मागाहून कळलं, ती दोन्ही तालुक्यांतल्या जुन्या खेळाडूंची सवयच होती. पंचांपासून काही लपवायचं असलं की डावीकडं सरकायचं.

"रेघंच्या टोकाला बसलेली, दोन येन्या घातलेली पोरगी, ती तूच का गं?"

मी कप खाली ठेवला. मी हो म्हटलं.

"माजं तोंड तुज्या भावाच्या तोंडापाशी व्हतं. तू माज्याकडं बघत व्हतीस. मला वाटलं, ही पोरगी आता वरडनार. तू पन नाय वरडलीस आन् मी पन नाय."

"म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"न यायला काय झालं? त्याचा दम माज्या कानातच गेला."

"मग तुम्ही का नाही ओरडलात? तुमचे सात गडी गेले."

त्यानं खळ्यातली एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करत बसला. पंचकाका उजवीकडं कोंबड्या बघत चहा पीत होते.

"पयल्या डावाचं तुला ठावं नाय," तो म्हणाला. "मला हिवताप भरला व्हता. सांगितलं असतं तर संघातनं काढला असता, म्हनून तसाच उतरलो. चढाईला गेलो तो तुज्या भावाच्या कोपऱ्यात. त्यानं माजा हात धरला आन् मला खोकला आला. दम सरळ गेला. पंचांचा हाच कान आमच्याकडं, त्यांना काय ऐकू जानार. त्यानं नुसतं वरडायचं, मी बाद. त्यानं काय केलं, हात सोडला. म्हनाला, 'अंग भाजतंय तुजं. बरा हो, मंग धरतो.' मी आपला रेघंवर आलो. मी त्याला शिवलेलो, म्हंजे बाद कोन? तो. गुमान बाहेर जाऊन बसला. त्याच्याच संघातल्यांनी त्याला शिव्या घातल्या, कसला कच्चा धरलास म्हनून."

हे मला आठवत होतं. दादा पहिल्या डावात बाहेर बसला होता आणि आमची माणसं त्याच्यावर चिडली होती. मीही चिडले होते. तो का बाहेर बसला, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मंग दुसऱ्या डावात त्याचा दम गेला," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं वरडू? लबाड म्हन आमाला. दोगांना पन."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"त्यानं तुला सांगितलं?"

"नाही."

"त्यानं सांगितलं असतं तर माजं नाव गेलं असतं, तापात दम चोरला म्हनून. त्यानं पंचवीस वर्सं तोंड उघडलं नाय, तर मी कसं उघडू? आज तू सोता ऐकलेली हायस म्हनून बोललो."

दुपारचं ऊन खळ्यावर पडलं होतं आणि मला त्या रेघांच्या कागदाची घडी दिसत होती. दादाला एका वाक्यात स्वतःला सोडवून घेता आलं असतं. पोशीरच्या गड्याचा दम आधी गेला होता, मी बोललो नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते त्यानं बहिणीलाही सांगितलं नाही, आणि मी त्याचं गप्प बसणं दहाबारा वर्षं चोराचं गप्प बसणं समजत आले.

त्यानं वही मागितली. पेन मुठीत धरून, प्रत्येक अक्षरापाशी थांबत सही केली. भिंतीवर त्याचं नाव घालू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाला. "सातवा गडी, येवडंच लिव."

पंचकाकांनी उजवा कान पुढं केला. "केली का सही?"

"केली पंच," तो मोठ्यानं म्हणाला.

परतीच्या एसटीत पंचकाकांनी तिकिटाचे पैसे दिले. मग म्हणाले, "पोरी, तो तुज्याशी येवडा येळ काय बोलत व्हता? निकालाचं काय म्हनाला?" विचारताना त्यांनी उजवा कान माझ्याकडं केला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्या माणसालाही इतकी वर्षं काहीतरी खात होतं. डावा कान त्यांचाच होता, त्यांना काय माहीत नसेल?

"म्हणाला, निकाल बरोबर होता," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि नेरळ येईपर्यंत झोपले. जन्मभर अर्धा अर्धा मार्क कापत आलेली बाई मी, एसटीत बसून सरळ खोटं बोलले आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

रविवारी मी खोपोलीला दादाकडं गेले. तो चाळीच्या गॅलरीत बाज विणत बसला होता. पाठ धरलेली असल्यानं त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून बाज त्यानं भिंतीला उभी टेकवली होती आणि सुंभ ओढून ओढून घेत होता. मी सुंभाचं दुसरं टोक धरलं.

"पोशीरला गेले होते," मी म्हटलं. "सातव्या गड्यानं सही केली."

तो विणत राहिला. "भेटला का? बरा हाय?"

"बरा आहे. भारे बांधत होता."

"ताप उतरला का त्याचा?"

हे तो इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाला, की मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. त्यानं सुंभ खाली ठेवला. वहिनी दारात आली होती, ती काही न विचारता आत गेली.

"त्यानं मला सगळं सांगितलं दादा. पहिल्या डावातलं."

"त्यानं कशाला सांगायचं," दादा जरा नाराजीनं म्हणाला.

"मी त्या दिवशी अर्ज लिहिला नाही."

"जाऊ दे गं. जुनं झालं."

"पण मी नाही म्हटलं तर तू दुसऱ्या कुणाकडून का लिहून घेतला नाहीस? कंपनीत लिहिणारी माणसं होती. तुला जागा मिळाली असती. पोती उचलावी लागली नसती."

दादानं सुंभाचं टोक पुन्हा हातात घेतलं. ते कुठल्या भोकातून काढायचं ते तो शोधत होता. ह्या गोष्टीचा त्यानं कधी फार विचार केला असेल असं त्याच्याकडं बघून वाटत नव्हतं.

"तू त्या रेघंवर बसलेली व्हतीस बाय," तो म्हणाला. "तू ऐकलं व्हतंस. पंचानं बाद म्हनल्यावर बाहेर जाऊन बसायचं आसतं. दुसरा पंच शोधत हिंडायचं नसतं."

बाज पुरी होईपर्यंत मी टोक धरून बसले. मग वहिनीनं जेवायला वाढलं.

दुसऱ्या आठवड्यात भिंत रंगवली. चार ओळी लिहून झाल्यावर मी पहिलीकडं वळले. 'पोशीरविरुद्ध एका चढाईत सातही गडी बाद. साक्ष, सातवा गडी.' हे लिहिताना ओळ उजवीकडं खाली उतरली. माझ्या वर्गात कुणी अशी ओळ काढली तर मी ती पुसून पुन्हा लिहायला लावत असे. पंचकाकांनी मागून बघितलं आणि म्हणाले, "बाई, वाकडी झाली. पुसून काढा."

मी ती तशीच ठेवली. अजून तशीच आहे.